तारखेचे वाचन



विषय ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, तारीख वाचायला व्याख्यान कशाला हवे? भिंतीवरची दिनदर्शिका घरातले पोरही वाचते! खरे आहे. पण संगणकाच्या लेखी ‘०३/०४/५८’ ही नुसती आठ चिन्हांची ओळ असते. तीतून दिवस, महिना, वर्ष वेगळे काढणे हे एक काम. आत साठविलेला काळ पुन्हा माणसाला वाचता येईल असा मांडणे हे दुसरे. पायथॉन नावाच्या संगणकभाषेत यांना अनुक्रमे ‘स्ट्रपटाइम’ आणि ‘स्ट्रफटाइम’ म्हणतात. जीभ अडखळते, त्याला आमचा इलाज नाही.

आमचा जन्म ३ एप्रिल १९५८ चा. दोन वर्षांपूर्वी एका कचेरीने जुन्या नोंदवह्या संगणकात चढविल्या आणि आमचे निवृत्तिवेतन थांबले. चौकशीस गेलो तेव्हा तेथील कारकून मोठ्या आदबीने म्हणाले, “आजोबा, आपला जन्म अजून व्हायचा आहे!” कागदावर आम्ही ४ मार्च २०५८ रोजी जन्मणार होतो.

झाले होते ते असे. वर्ष दोनच अंकी असले, तर ही भाषा ६९ ते ९९ हे आकडे विसाव्या शतकात घालते आणि शून्य ते ६८ एकविसाव्या शतकात. आमचे १९६९ साली जन्मलेले धाकटे बंधू त्यामुळे सुखरूप राहिले. शिवाय ज्याने आज्ञावली लिहिली त्याने महिना आधी, दिवस नंतर, ही अमेरिकेतली रीत धरली होती. जन्म २५ तारखेचा असता तर पंचविसावा महिना नसल्याने यंत्र तेथेच अडले असते. पण वर्षातले १३२ दिवस असे आहेत की, दिवस-महिना उलटे वाचले तरी दुसरी खरी तारीखच निघते, आणि कोठेही तक्रार उठत नाही. शतकाची चूक डोळ्यांत भरली, ती त्याच दिवशी सुधारली. महिन्यासाठी मात्र आम्हांस आणखी तीन खेपा घालाव्या लागल्या. ‘मार्च काय, एप्रिल काय’ असा तेथला सूर होता.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले ते यासाठीच : चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस.

वेळेचे दुखणे याहून अवघड. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली, तरी मुंबईने आपली सुमारे ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आमच्या वडिलांचा जन्म मुंबईतला, १९३० चा. नोंद ‘सकाळी सहा’. ती कोणताही संगणक निमूट वाचील. पण ते सहा कोणत्या घड्याळातले, हे त्याला सांगणारे आमच्या घरात आता कोणी राहिलेले नाही.