माफी त्यांना, जबाबदारी आम्हाला?

(नायगाव, जि. नांदेड येथे भूमिहीन तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री इथली पाच-सहा पोरं माझ्याकडं आली. म्हणाली, 'काका, उद्या भाषणात एकच घोषणा द्या. हप्ता बंद! गटाचं कर्ज कुणीच भरायचं नाही.' मी म्हणालो, रात्रभर विचार करतो, उद्या सांगतो. ती पोरं आता समोरच बसली आहेत. त्यांना उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी एका कर्जाची गोष्ट सांगतो. ते कर्ज माझ्या घरातलं आहे.

माझा बाप सालगडी होता. इथून जवळच्याच एका गावात. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला मोडायचं, अशी रीत. बापाचं साल कधी मोडलंच नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर जगली. त्या साली माझी धाकटी बहीण आजारी पडली. बापानं मालकाकडून तीनशे रुपये उचलले. बहीण गेली. तीनशे राहिले.

मग दर पाडव्याला मालक वही उघडायचा. बाप तापानं पडला तर ते खाडे कर्जात. बैलाचा पाय मोडला तर ते कर्जात. बापाला अक्षर येत नव्हतं, मालक वाचील ते खरं. १९७७ साली बाप गेला तेव्हा वहीत सातशे होते. पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस दारात उभा. माय म्हणाली, 'घेतलं ते फेडावं लागतंय. उद्या कुणी म्हणू नये, मेलेल्या माणसानं बुडवलं.' चार वर्षं तिनं मालकाचा गोठा काढला. शेण, मूत, वैरण. १९८१ च्या पाडव्याला मालकानं वहीवर काट मारली. त्या संध्याकाळी मायनं गूळ घालून भात केला होता.

पुढं मी शिकायला बाहेर पडलो. १९८३ च्या सुमारास एका अभ्यास शिबिरात एक वकील कायदे समजावून सांगत होते. ते म्हणाले, ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला, १९७६ साली त्याचा कायदा झाला, आणि त्या कायद्यानं वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्जच संपवलं. फेडायची गरजच उरली नाही. त्याच आणीबाणीच्या काळात महाराष्ट्र सरकारनंही शेतमजूर, लहान शेतकरी, कारागीर यांचं सावकारी कर्ज रद्द करणारा कायदा केला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७७ साली न्यायालयानं कायदाच उचलून धरला.

मी सुन्न झालो. म्हणजे बाप जिवंत असतानाच ते कर्ज मेलं होतं! आणि माझी माय मेलेल्या कर्जाचा गोठा चार वर्षं काढत राहिली.

घरी येऊन मी तिला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मग मी फेडलं ते काय होतं रं?'

दोस्तहो, मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज चाळीस वर्षांनी नायगावात उभा राहून त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

आता जरा माफीचा हिशोब मांडू. १९९० साली व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ केली. २००८ साली केंद्रानं दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज माफ केलं. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं ३४ हजार कोटींची योजना जाहीर केली, दीड लाखापर्यंत माफी. २०१९ साली महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावानं दोन लाखांपर्यंत कर्जमुक्ती आली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा तेच आश्वासन.

मी या माफीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. मराठवाड्यातला दोन एकरवाला, मग तो कुठल्याही जातीचा असो, माझा शत्रू नाही. सोयाबीनचा भाव त्याच्या हातात नाही, पाऊस त्याच्या हातात नाही, तो कुठली जबाबदारी घेणार? त्याला माफी मिळाली, बरं झालं. कमीच मिळाली.

पण प्रश्न असा की माफी मोजायचं माप कुठलं? माप म्हणजे पीककर्ज. पीककर्जाला लागतो सातबारा. आणि आपला सातबारा कुठं आहे?

गायरानाचं बघा. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहात माणसं तुरुंगात गेली, तेव्हा भूमिहीनांचा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करा. कागद निघाला. पण गावागावांत आजही आपला माणूस गायरान कसतो आणि त्याचं नाव सापडतं ते गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. पिकवतो तो, पण कागदावर तो घुसखोर. घुसखोराला बँक पीककर्ज देत नाही. ज्याला कर्ज नाही त्याला माफी नाही. कर्ज नाही म्हणजे तो बिनकर्जी सुखी आहे का? त्याचं कर्ज फक्त बँकेच्या वहीत नाही. ते मुकादमाच्या वहीत आहे, सावकाराच्या खिशात आहे, गटाच्या कार्डावर आहे.

मरणाचंही तेच. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर घरच्यांना एक लाखाची मदत आहे, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव. अटी काय? शेतीच्या नावाची जमीन पाहिजे आणि बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज पाहिजे. ऊसतोडीची उचल फिटली नाही म्हणून मजुरानं गळफास घेतला तर तो या हिशोबात बसत नाही. या देशात मरणालासुद्धा सातबारा लागतो!

आणखी एक सांगतो, ते ऐका. २०१९ च्या योजनेत ज्या शेतकऱ्यांनी कर्ज वेळेवर फेडलं त्यांना पुढं ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन दिलं गेलं. चांगली गोष्ट. इमानदारीची कदर झाली. मग इथं मागं बसलेल्या या बायका! आठवड्याच्या आठवड्याला, एकही हप्ता न चुकवता, भाकरीचं पीठ उसनं आणून यांनी गटाचं कर्ज फेडलं. यांच्यापेक्षा जबाबदार कर्जदार या जिल्ह्यात कोण आहे? यांना कुणी पन्नास रुपये प्रोत्साहन दिलं?

आता वरच्या मजल्यावर जाऊ. कर्जमाफीनं लोकांची सवय बिघडते, असं शहाणी माणसं टीव्हीवर सांगतात. घेतलेलं फेडावं, ही नैतिकता आहे म्हणतात. माझी मायही तेच म्हणत होती. पण ही नैतिकता किती कोटींपर्यंत लागू असते?

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. औरंगाबादेतून वाढलेली व्हिडिओकॉन कंपनी. कंपनी बुडाली, दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. कर्जदात्यांचे मान्य झालेले दावे ६४ हजार ८३८ कोटी. जून २०२१ मध्ये जो सौदा मंजूर झाला तो २ हजार ९६२ कोटींचा. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. खुद्द न्यायाधिकरणानं त्यावर आश्चर्य व्यक्त केलं. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात तो सौदा रद्द झाला, ते वेगळं. पण बँकांनी तो मान्य केला होता, हे विसरू नका. त्या दिवशी कुणी म्हणालं का, की बँकांची सवय बिघडेल?

२०२२ च्या डिसेंबरात सरकारनं संसदेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत बँकांनी १० लाख ९ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते, असं सरकार म्हणतं. बरं, धरून चालू. त्याच पाच वर्षांत निर्लेखित खात्यांतून वसुली किती, तर १ लाख ३२ हजार कोटी. बाकीच्यांच्या दारात कुणी जाऊन बसलं? कुणाची शेळी सोडून नेली? कुणाच्या बायकोला चारचौघांत उभं केलं?

मोठ्यानं बुडवलं तर त्याला व्यवसायातलं अपयश म्हणतात. शेतकऱ्यानं थकवलं तर त्याला शेतीचं संकट म्हणतात. आपण एक हप्ता चुकवला की म्हणतात, 'यांना अक्कल नाही, दारू पितात.' कर्ज तेच, नाव जातीप्रमाणं बदलतं.

पण दोस्तहो, आज मी फक्त त्यांना शिव्या देऊन घरी जाणार नाही. तेवढं केलं की टाळ्या मिळतात, पण हप्ता उद्या सकाळी येतोच.

आपल्या घरात बघा. कर्ज बाईच्या नावावर निघतं. किती घरांत ते शेळीला लागलं, दवाखान्याला लागलं, पोरीच्या शिक्षणाला लागलं? आणि किती घरांत नवऱ्याच्या मोटारसायकलला, लग्नातल्या मांडवाला, चौदा एप्रिलच्या डीजेला लागलं? बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनीवर निबंध लिहिला, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. ज्या माणसानं पैशाचा एवढा अभ्यास केला त्याच्या जयंतीला आपण मायच्या नावावर कर्ज काढून भिंती हादरवतो! नवरा पितो आणि हप्ता बायको भरते, ही कुठली क्रांती? ही जबाबदारी आपली आहे. सरकारवर ढकलू नका. जो पोरगा घरातल्या बाईचं कार्ड वाचत नाही त्यानं मोर्चात पुढं येऊ नये.

आता तुमच्या घोषणेकडं येतो. हप्ता बंद म्हणू का?

आपल्या सीमेपलीकडं काय झालं ते आठवा. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सरकारनं मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर वटहुकूम काढला. कंपन्यांच्या छळानं बायकांनी जीव दिल्याच्या बातम्या होत्या, त्यामुळं वटहुकूम रास्त होता. पुढाऱ्यांनी सांगितलं, भरू नका. लोकांनी भरलं नाही. कंपन्यांनी नवं कर्ज देणं थांबवलं. मग पेरणीला, दवाखान्याला पैसा लागला तेव्हा गरीब माणूस कुठं गेला? परत खाजगी सावकाराकडं. पुढारी घरी गेले होते. म्हणून मी मंचावरून 'भरू नका' म्हणणार नाही. गटात एकीनं भरलं नाही तर बाकीच्या चौघींवर येतं. त्या चौघी आपल्याच वस्तीतल्या आहेत. माझ्या घोषणेची किंमत त्यांनी का मोजायची?

पण मुकाट्यानं भरा, असंही म्हणणार नाही. माझ्या मायनं मुकाट्यानं भरलं होतं.

मी म्हणतो, आधी वही आपल्या हातात घ्या. प्रत्येक वस्तीत दोन पोरांनी कर्जाची नोंद लिहावी. कुणाचं, कुणाकडून, कशासाठी, व्याज किती, फेडलं किती. मग एकेक कर्ज तपासा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा कर्जात घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. दिवसाला तीनशे कमावणाऱ्या घराला चार-चार कंपन्यांनी कर्ज दिलं असेल, तर बेजबाबदार कोण? घेणारी एकटी? देणाऱ्यानं डोळे मिटून दिलं, त्याची जबाबदारी कुठं गेली? सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही, हाही नियम आहे. वसुलीवाला येईल तेव्हा बाई एकटी उभी राहणार नाही. तुम्ही दहाजण शेजारी उभे राहा. हात उचलायचा नाही, फक्त उभं राहायचं आणि नियम वाचून दाखवायचा.

बिनपरवाना सावकार असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करा. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सावकारीत पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत मिळवता येते.

आणि सरकारकडं मागणी एकच नाही. माफी मागताना सांगा, सातबारा बघू नका, कर्ज कशासाठी काढलं ते बघा. दवाखान्यासाठी, पोटासाठी, दुष्काळात काढलेलं कर्ज माफ झालंच पाहिजे, मग ते भूमिहीनाचं का असेना. १९७५ साली हे करता आलं, आज का येत नाही? पण नुसती माफी म्हणजे फाटक्या गोधडीला ठिगळ. पुढच्या सुगीला पुन्हा तीच वही उघडते. म्हणून गायरान नावावर करा. दादासाहेब गायकवाडांच्या नावाची २००४ ची योजना आहे, भूमिहीनाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. ती जमीन कुठं आहे, आपल्या तालुक्यात किती जणांना मिळाली, हे विचारायला उद्याच अर्ज करा. जबाबदारी शिकवणाऱ्यांना सांगा, आधी जबाबदारी पेलायला पायाखाली जमीन द्या.

माझी माय आता नाही. तिचा प्रश्न माझ्याकडं राहिला. आज ती समोर असती तर मी म्हणालो असतो, माय, तुझी जबाबदारी खरी होती. कर्ज खोटं होतं. तुझा इमान त्यांनी व्याजासारखा वसूल केला. तुझं चुकलं नाही. कायदा माहीत असून जे गप्प बसले त्यांचं चुकलं, आणि त्या गावात वाचता येणारा आपला एकही पोरगा नव्हता, म्हणून ते खपलं.

आज तुम्ही वाचता. तुमच्या मायच्या कार्डावर काय लिहिलंय ते आज घरी गेल्यावर वाचा. पुढची बैठक पुढच्या रविवारी. येताना वही घेऊन या. रिकाम्या हातानं कुणी यायचं नाही.

जय भीम!