परीक्षा शिकवणाऱ्याची घ्या



सकाळपासून शिक्षकांच्या या मेळाव्यात झालेली सगळी भाषणं मी लक्ष देऊन ऐकली. संस्कार आले, उद्याचे नागरिक आले, मोबाइलला दोष देऊन झाला. पण एकाही वक्त्याने मुलांचं पुस्तक उघडून त्यातल्या एखाद्या पानाबद्दल चार वाक्यं सांगितली नाहीत. माझं भांडण इथूनच सुरू होतं, आणि तुम्ही अध्यक्षपद दिलंत म्हणून मी ते आवरतं घेणार नाही.

बालसाहित्याचं कौतुक करायला आपण सगळे पुढे असतो, किंमत करायची वेळ आली की मागे सरतो. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार 1 लाख रुपयांचा आहे. बालसाहित्य पुरस्कार सुरू व्हायलाच 2010 साल उजाडलं आणि तो 50 हजारांचा. सात वर्षांच्या मुलासाठी लिहिणं निम्म्या मोलाचं, हे कुणी ठरवलं? कशावरून? विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' 1961 साली आली आणि पुढची तीस वर्षं ते मुलांसाठी लिहीत राहिले. मी आजवर पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत विंदांच्या 'मृद्गंध'वर मोठा प्रश्न असतो, 'अष्टदर्शने'वर असतो. त्यांच्या बालकविता 'टिपा लिहा'मध्ये ढकललेल्या असतात, त्याही पर्याय म्हणून. एकाच कवीचा एकच कान, एकच लय. पण वाचणारा लहान म्हटलं की कवितेचे गुण कापायचे.

हा आपल्या विद्यापीठांचा विचार आहे, म्हणून विद्यापीठांबद्दलच बोलते. एम.ए.ला बालसाहित्याचा पेपर बहुतेक विद्यार्थी 'स्कोअरिंग' म्हणून घेतात, आणि आपण प्राध्यापक त्यांना तसं सांगतो. पहिला घटक इतिहासाचा. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' 1881, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' 1906, 'किशोर' 1971. मुलांच्या मासिकांची ही सालं घडाघडा म्हणणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी 'किशोर'चा एक तरी अंक हातात धरलाय? माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'ची पुस्तकं अभ्यासाला लावायची आणि वर्गात वाटायच्या टाइप केलेल्या नोट्स. पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. निम्मी गोष्ट चित्रात असते. चित्र न बघता त्या पुस्तकावर दहा गुणांचं उत्तर लिहिता येतं, ही आपल्या परीक्षेची लाज आहे.

एक उत्तरपत्रिका मी विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाचे पदव्युत्तर पेपर तपासत होते. प्रश्न होता, 'श्यामची आई'मधील संस्कारमूल्ये स्पष्ट करा. सोबत नमुना उत्तर आलेलं: मातृप्रेम, सत्य, कष्ट, निसर्गप्रेम, मुद्द्याला तीन गुण. गठ्ठ्यातल्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत हीच चार उपशीर्षकं होती, गाइडमधल्या वाक्यांसकट. एका मुलीने मात्र पोहायला शिकण्याचा प्रसंग घेतला होता. श्याम भीतीने लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि मारत विहिरीकडे नेते. त्या मुलीने लिहिलं होतं, लहानपणी हे वाचताना मला आईचाच राग आला. आता मी स्वतः तिसरीला शिकवते. परत वाचलं तेव्हा दिसलं की लेखकाने श्यामची भीती कुठेही हसण्यावारी नेलेली नाही. मारणाऱ्या आईबद्दल प्रेमाने सांगतानाही तो मार खाणाऱ्या मुलाच्या अंगात राहून सांगतो, म्हणून मूल पुस्तक मिटत नाही. दीड पानाचं उत्तर. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक खरोखर वाचलंय, असं सांगणारं त्या गठ्ठ्यातलं ते एकच उत्तर होतं. मी बारापैकी नऊ दिले. नियामकांचा निरोप आला, मुद्दे जुळत नाहीत, चार करा. मी केले नाहीत, कारणं लेखी कळवली. पुढच्या वर्षी मला तपासणीचं बोलावणं आलं नाही.

आता खालच्या टोकाला या. तिसरीतल्या पोराने गोष्ट ऐकली रे ऐकली की आपण विचारतो, यातून तुला काय बोध मिळाला? कवितेखाली लगेच यमक शब्द शोधा, समानार्थी शब्द लिहा. घरी पालकही तेच विचारतात. ज्या वयात गोष्ट नुसती अंगात भिनू द्यायची, त्या वयात आपण तिची झडती घेतो. आणि जो उद्या त्या मुलासमोर उभा राहून गोष्ट वाचणार आहे, त्या डी.एल.एड.च्या विद्यार्थ्याने पाठ टाचणात 'प्रकट वाचन'चा रकाना भरला की काम झालं! त्याचं वाचन कान देऊन ऐकतं कोण? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं 'ट्टॉक' जिभेने टाळ्यावर वाजवून दाखवायचं असतं. ते नुसतं अक्षर म्हणून सपाट वाचणारा शिक्षक वर्ग घालवून बसतो. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त 42.8 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. दोष मुलांना देऊ नका. ज्याला कधी कुणी रंगून वाचून दाखवलं नाही, ते मूल वाचायला कशाच्या ओढीने बसेल?

आणि पुस्तकं असतात कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत, असं लिहिलंय. पुस्तकं येतातही. मग ती डेडस्टॉक रजिस्टरला चढतात, कपाटाला कुलूप लागतं. पान फाटलं तर गुरुजींनी निर्लेखनाचे कागद रंगवायचे, हरवलं तर पैसे खिशातून भरायचे. त्या गुरुजींना मी बोल लावणार नाही. बोल त्या तपासणीला, जी कोरी करकरीत पुस्तकं बघून शेरा देते 'उत्तम'. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी फाटलेली, डाग पडलेली पुस्तकं मोजावीत आणि त्यावर शाळेला शेरा द्यावा.

म्हणून माझी मागणी अशी. दहा वर्षांखालच्या मुलांना गोष्ट-कवितेवर गुण देणं बंद करा. परीक्षा त्यांना शिकवणाऱ्यांची घ्या आणि कडक घ्या. एम.ए. आणि डी.एल.एड., दोन्हीकडे बालसाहित्याचे निम्मे गुण प्रात्यक्षिकाला ठेवा. विद्यार्थ्याला आधी न पाहिलेलं पुस्तक द्या, तासभर वाचू द्या, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गापुढे उभं करा. मागच्या बाकावर दोन परीक्षक हवेत, एक बाहेरच्या महाविद्यालयातला आणि एक प्राथमिक शिक्षक. नंतर तोंडी परीक्षा घ्या. मुलं चुळबुळायला लागली ती कोणत्या वाक्यावर? तिथे वाक्य लांबलं होतं की तुमचा आवाज पडला? या चित्रात असं काय आहे जे मजकुरात नाही? उरलेला लेखी पेपर पुस्तक समोर ठेवून लिहायचा.

यावर काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. प्रात्यक्षिकात वशिला चालतो, इंटर्नलचे गुण सगळ्यांना सारखे वाटले जातात, इतक्या विद्यार्थ्यांना वेळ कुठून आणायचा. वशिला चालतो हे खरं आहे, म्हणून तर बाहेरचा परीक्षक मागते. राहिला वेळ. बारावी विज्ञानाच्या लाखो मुलांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं हा महाराष्ट्र दर वर्षी घेतो. तिथे बाहेरचे परीक्षक जातात, प्रत्येकाच्या हातात परीक्षानळी देऊन बघतात. क्षार ओळखायला जेवढा वेळ देता, तेवढा गोष्ट वाचणाऱ्याला का नाही?

या सभागृहात दोन विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सदस्य बसले आहेत. माझी मागणी मी अध्यक्ष या नात्याने ठराव म्हणून मांडते आहे. त्यांनी संध्याकाळच्या समारोपात उभं राहून सांगावं, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घेणार की नाही. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणावं. मी शेवटपर्यंत इथेच बसणार आहे.