जुनी वेगवान मोटरसायकल आणि तपासणीचा कागद

रस्ता सुरक्षेविषयीच्या सभेत ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर



आपल्या गोव्यात दुचाकीवाचून पान हलत नाही. बाजार, शाळा, दवाखाना, फेरीबोटीचा धक्का, देवळातली जत्रा, सगळीकडे आपण दुचाकीनेच जातो. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवून प्रवाशांना पोहोचविणारे आपले पायलट बंधू तर गोव्याचे भूषणच होत. परंतु आज मी बोलणार आहे ते एका वेगळ्या दुचाकीविषयी. तरुणांच्या मनात घर करून बसलेली जुनी, वेगवान मोटरसायकल हा माझा आजचा विषय आहे.

1983 साली एस्कॉर्ट्स कंपनीने जपानी यामाहाच्या धर्तीवर दोन सिलिंडरांची राजदूत 350 बाजारात आणली. 1985 मध्ये आर. एक्स. 100 आली. इंजिन अवघे 98 घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे 11 अश्वशक्ती आणि वजन हलके. त्यामुळे ती बाणासारखी सुटे. 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढे 1999 मध्ये सीबीझेड आणि 2003 मध्ये करिझ्मा आली. या गाड्या आज वडिलांकडून मुलाकडे येतात किंवा हौसेने मोठी किंमत मोजून विकत घेतल्या जातात. हौसेला माझा विरोध नाही. जुने यंत्र जतन करणे हीही एक कलाच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने अशीच एक आर. एक्स. 100 घेतली. सिलिंडर बोअर करून घेतला, टाकीला नवा रंग दिला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविला. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेली, तेव्हा निरीक्षकांनी ती नापास केली. कागदावर तीन ओळी होत्या: मागील ब्रेक धरत नाही, हँडलचे बेअरिंग खराब, सायलेन्सर मूळचा नाही. भाचा संतापून माझ्याकडे आला. “मामा, तुम्ही सरकारी खात्यात आहात, एक फोन तेवढा करा,” असे म्हणाला. आपल्यापुढे खोटे कशाला बोलू? मी दूरध्वनी उचललाही होता. पण काय वाटले कोण जाणे, तो खाली ठेवून मी भाच्याबरोबर गॅरेजमध्ये गेलो.

मेकॅनिकने मागचे चाक उघडले. ब्रेक-शूचे लायनर झिजून धातू ड्रमला घासू लागला होता. पुढचे चाक उचलून हँडल फिरविले, तर ते मध्यावर खटकन अडकत होते. गॅरेजमध्ये ज्याला कोनसेट म्हणतात, त्याच्या वाट्यांना खळगे पडले होते. हीच गाडी घेऊन भाचा पुढच्या रविवारी मित्रांसह चोर्ला घाट उतरणार होता. माझा तो फोन लागला असता, तर वशिल्याने मी त्याला घाटात ढकलले असते.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. मालकाचे लक्ष इंजिनाकडे असते, तर निरीक्षकाचे लक्ष चाकाकडे. जी वस्तू ऐकू येते व चमकते, तिच्यावर आपण पैसा ओततो. जी गाडी थांबविते, वळविते व दुसऱ्याला दाखविते, तिच्याकडे दुर्लक्ष करतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या दुचाकीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. तेथेही मोटरसायकली नापास होण्याची प्रमुख कारणे दिवे, ब्रेक, हँडल व शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर हीच असतात.

आपल्याकडे मात्र नियम निराळा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 नुसार खाजगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. आठ वर्षांहून जुन्या भाड्याच्या वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे पायलट बंधूंची गाडी वेळोवेळी जाणकाराच्या नजरेखालून जाते. आपल्या घरच्या गाडीकडे मात्र मधली पाच वर्षे कोणीही पाहत नाही. म्हणून ती पाच वर्षे मालकानेच निरीक्षक झाले पाहिजे.

ते अवघड नाही. प्रथम ब्रेक पाहावा. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. त्यात टू-स्ट्रोक इंजिन गिअरवर गाडीला फारसे रोखत नाही, म्हणून सारा भार ब्रेकवरच पडतो. आर. एक्स. 100 ला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिले एक-दोन ब्रेक धरत नाहीत. पाण्यातून बाहेर येताच हळू चालत ब्रेक हलकेच दाबून ते सुकवावेत. करिझ्मासारख्या डिस्क ब्रेकच्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि रबरी नळीला भेगा दिसताच तीही बदलावी.

दुसरे, कोनसेट. पुढचे चाक जमिनीवरून उचलून फोर्कची खालची टोके मागेपुढे हलवावीत. खटखट लागली तर बेअरिंग ढिले आहे. हँडल मध्यावर अडकले तर वाट्या गेल्या आहेत. मागचे चाक दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजले असल्यास वळणावर गाडी डुलते.

तिसरे, चाके व टायर. समुद्राच्या खाऱ्या हवेने आरे आणि रिम गंजतात. पान्याने प्रत्येक आऱ्यावर टिचकी मारावी. घट्ट आरा खणखणतो, ढिला बद्द वाजतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 3518 म्हणजे 2018 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. क्वचितच चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर वाळून कडक झालेले असते.

चौथे, दिवे. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का, हे घरातील कोणालाही मागे उभे करून पाहता येते. दिवा मंद असेल तर बल्ब बदलण्याआधी गंजलेली अर्थिंगची जोडणी घासून स्वच्छ करावी.

राहता राहिला सायलेन्सर. मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करण्यास कलम 52 मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारी कोणी वृद्ध आजारी असेल, कोणी विद्यार्थी अभ्यासाला बसला असेल, तर आपल्या हौसेचा त्यांना उपद्रव का व्हावा?

भाच्याच्या गाडीची दुरुस्ती एका दिवसात झाली. ब्रेक-शू, कोनसेट आणि मूळ पद्धतीचा सायलेन्सर मिळून खर्च झाला तो टाकीच्या रंगाहूनही कमी होता. दुसऱ्या खेपेस गाडी पास झाली.

शेवटी तिघांना तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्यापूर्वी, गावातील मेकॅनिकला शाळेत बोलावून ही तपासणी मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावी. माझ्या अधिकारी बंधूंनी नातेवाइकांसाठी फोन उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि ग्रामस्थहो, निरीक्षकाने दिलेला नापासाचा कागद अपमान समजून खिशात कोंबू नका. तो सरळ गॅरेजवाल्याच्या हाती द्या. आपल्या मुलाच्या गाडीत नेमके काय बिघडले आहे, हे त्या कागदाने वेळेवर सांगितलेले असते.