हात कुठे दाखवायचा?

पुण्यात शिकत असताना आम्ही वाशिम जिल्ह्यातली मुले कधीकधी ट्रकने घरी यायचो. एस.टी. हुकलेली, ट्रॅव्हल्सला पैसे नाहीत. शहरात हात दाखवून उपयोग नसतो. तिथली वाहने तिथेच फिरतात. म्हणून सिटी बसने वाघोली गाठायची आणि नगर रस्त्यावर गाड्यांचे नंबर वाचत उभे राहायचे. एमएच ३७ दिसला की आपला जिल्हा! "काका, मालेगाव?" म्हटले की ड्रायव्हर विचारायचा, "कोणत्या गावचा रे?" जालना, सिंदखेडराजा, मेहकर मागे पडेपर्यंत आम्ही त्याचे भाचे झालेले असायचो.

पण या आपुलकीला विम्याचे कवच नाही. मालट्रकमधून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला. अपघातात ड्रायव्हरची चूक ठरली, तर भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते. ज्याने उपकार केला, त्याच्याच दारात आपल्या घरच्यांना उभे राहावे लागते.

आता मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या भागातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ मध्ये खुला झाला. तिथे पायी जायला मनाई आहे, त्यामुळे हात दाखवायचा तो इंटरचेंजच्या बाहेरच.

तरुण मित्रांनो, अडलात तर लिफ्ट जरूर मागा. पण मालावर, टपावर बसू नका आणि गाडीचा नंबर आधी घरी कळवा. उतरताना काकांना चहाही विचारा.