रात्रीं परतणाऱ्यांचा धर्मग्राम

(वसईंतील आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांची स्तुति करण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि ती चाल चांगली आहे. ज्यांनीं वाडीचें उत्पन्न देऊन हें देऊळ उभें केलें त्यांचीं नांवें या पुस्तिकेंत अन्यत्र छापलीं आहेत. तीं आपण आदरानें वाचावीं. मला आज दुसऱ्याच लोकांविषयीं बोलावयाचें आहे. आपल्या नोंदवहींत आज जीं कुटुंबें आहेत त्यांपैकीं बरींच मुंबई सोडून येथें राहावयास आलेलीं आहेत. त्यांतील कर्तीं माणसें राहतात येथें आणि कामास जातात मुंबईस. पहांटे अंधारांत घर सोडावें आणि रात्रीं अंधारांतच परत यावें, असा त्यांचा दिनक्रम. आजच्या सभेलाहि त्यांतील थोडेच येऊं शकले आहेत. म्हणजे ज्यांच्याविषयीं बोलावयाचें ते बहुधा येथें नाहींत, आणि जे येथें आहेत त्यांतील पुष्कळांना हा विषय रुचणार नाहीं. तरीहि तो टाळून चालणार नाहीं.

“हे लोक गाडीनें आले आणि आपली वसई गेली,” असें वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी नेहमीं ऐकतों. गाडीचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे. १८६७ सालीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, आणि तिचा उपयोग आधीं केला तो आपण. आपल्या आज्यापणज्यांनीं भाजीच्या टोपल्या, केळीं, फुलें, दूध, नागवेलीचीं पानें याच रुळांवरून मुंबईच्या बाजारांत नेलीं, आणि संध्याकाळीं रिकाम्या टोपल्या व कनवटीला पैसे घेऊन त्या परत आल्या. त्या पैशांचा वांटा या देवळाच्या भिंतींतहि आहे. रोज मुंबईस जाऊन रोज परत येणें ही रीत नव्या लोकांनीं आणलेली नाहीं. ती आपल्याच घरची आहे. फरक इतकाच कीं, आपण टोपली घेऊन जात होतों आणि ते डबा घेऊन जातात. आणि घर सोडून दूर जाण्याचें म्हणाल, तर ज्यांचा आपण सण करतों ते संत गोन्सालो गार्सिया वसईंत जन्मले, तरुणपणीं समुद्रापार गेले, व्यापारी झाले, फ्रान्सिस्कन बंधू झाले, दुभाषी झाले आणि १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर मरण पावले. घराबाहेर पोट भरणाऱ्यांचा ते खासा आश्रयदाता आहेत.

हे लोक येथें कां आले? समुद्राच्या हवेसाठीं आले असें समजण्याचें कारण नाहीं. गिरगांव, माझगांव, दादर, वांद्रें येथील एकेका खोलींत तीन तीन पिढ्या राहत होत्या. धाकट्या भावाचें लग्न ठरलें कीं थोरल्यानें जागा शोधावयाची, आणि त्याच्या पगारांत बसेल अशी जागा खाडीच्या पलीकडेच मिळावयाची. भाईंदरची खाडी ओलांडली ती किंमतीनें, हौसेनें नव्हे. येथें आल्यावर कित्येकांना समुद्र पाहावयास मिळतो तो रविवारींच, आणि तोहि मुलांनीं हट्ट धरला तर. समुद्रकांठच्या गांवीं राहून सहा दिवस समुद्र न पाहणाऱ्या माणसाचा हेवा करण्यासारखें त्यांत काय आहे, तें मला कळत नाहीं.

त्यांच्या दिवसाचा हिशेब करूं. वसई रोडपासून चर्चगेट सुमारें ५२ किलोमीटर. घरापासून कामाच्या जागेपर्यंत एका वेळचा दीड तास धरला, तर दोन वेळचे तीन. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० तास, म्हणजे साडेसदतीस अहोरात्र. तीस वर्षांच्या नोकरींत तीन वर्षांहून अधिक काळ माणूस गाडींतच घालवितो, आणि त्यांतला बराचसा उभ्यानें. त्या गर्दींतहि त्यांनीं एक जग वसविलें आहे. कोणी भजन म्हणतो, आपल्या भगिनी जपमाळ म्हणतात, बायका भाजी निवडतात, मुलांच्या परीक्षा आणि मुलींचीं स्थळें यांची चर्चा होते. तिघांच्या बांकावर चौथ्याला अर्धी मांडी टेंकावयास जागा करून देतात. तिला ‘चौथी सीट’ म्हणतात. आपल्या देवळांतील बांकांवर अशी चौथी सीट मला अद्याप दिसलेली नाहीं. उलट, “ही जागा आमच्या घराची” असें मात्र ऐकूं येतें.

त्या प्रवासांत जीव धोक्यांत असतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडे दरसाल दोन हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं आहेत. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळीं अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसें मेलीं. ते सर्व डबे चर्चगेटहून उत्तरेकडे, म्हणजे घराकडे येणाऱ्यांनीं भरलेले होते. २०२० च्या मार्चमध्यें गाड्या थांबल्या, तेव्हां यांतील कित्येक बाप प्रथमच दिवसाउजेडीं आपल्या मुलांसह घरीं होते. आणि नेमकें त्याच वेळीं आपलें देऊळहि बंद होतें!

आतां जुन्या घरांचीं गाऱ्हाणीं. तीं खोटीं नाहींत. इमारती उठल्या, टँकर आले, आपल्या विहिरींचें गोडें पाणी उपसून स्टेशनाकडे नेलें गेलें, कांहीं विहिरी खाऱ्या झाल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें जो लढा दिला तो आपल्या इतिहासांतील अभिमानाचा भाग आहे. २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. एवढ्या लोकांचा भार या पट्टीनें कसा सोसावा, हा प्रश्न खराच आहे. परंतु तो प्रश्न तिसऱ्या मजल्यावर कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कारकुनाला विचारूं नका. ती इमारत ज्या वाडींत उभी आहे, ती वाडी कोणी विकली? त्यानें तर विकली नाहीं. ज्यानें जमीन विकून पैसे घेतले त्याला आपण पुढच्या बांकावर बसवितों, आणि ज्यानें पैसे देऊन खोली घेतली त्याला ‘बिल्डिंगवाला’ म्हणतों. हा न्याय मला पटत नाहीं.

दोन पावसाळ्यांपूर्वींची गोष्ट आहे. आपल्या धर्मग्रामांतील एक गृहस्थ गाडीच्या दारांतून पडून वारले. अकरा वर्षें ते येथें राहत होते. त्यांच्या पत्नीनें आपल्या दफनभूमींत जागा मागितली, तेव्हां दोघातिघांनीं येऊन मला विचारलें, “फादर, हा आपला का? याचीं माणसें मुंबईचीं, तिकडेच न्यावा.” मी त्यांच्याशीं वाद घातला नाहीं; ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याचें पुस्तक उघडून दाखविलें. १०२ वें कलम सांगतें कीं, कायम राहण्याच्या इच्छेनें जो एखाद्या धर्मग्रामांत येतो तो त्याच दिवसापासून तेथील रहिवासी होतो. इच्छा नसली तरी पूर्ण पांच वर्षें राहिला कीं होतोच. तीन महिने राहणाऱ्यालाहि उपनिवास मिळतो. १०७ वें कलम सांगतें कीं, निवासानें आणि उपनिवासानें माणसाला आपला धर्मगुरु लाभतो. आणि ११८० वें कलम सांगतें कीं, धर्मग्रामाची स्वतःची दफनभूमि असेल तर, दुसरी निवडलेली नसल्यास, तेथील मृतास तेथेंच पुरावें. आजोबा कोण, आडनांव काय, बोली कोणती, हा प्रश्न या कलमांत कोठेंहि नाहीं. (तीन महिन्यांच्या नियमानें पाहिलें तर आमच्या चाकरमान्यांचा गाडींतला उपनिवास अडीच वर्षांतच पुरा होतो. रेल्वेनें उद्यां आपला धर्मग्राम काढला तर माझी नोंदवही अर्धी होईल!)

त्या गृहस्थांचें दफन येथेंच झालें. त्या दिवशीं त्यांच्या डब्यांतील तीसएक सोबती रजा टाकून आले. त्यांत हिंदु होते, मुसलमान होते, गुजराती व्यापारी होते. त्यांना मृताच्या मुलाची इयत्ता ठाऊक होती, त्याची खोकल्याची खोड ठाऊक होती, डब्यांत तो कोणाला जागा देई तें ठाऊक होतें. आपल्यांतील जे हजर होते त्यांना त्याच्या घराचा नंबर ठाऊक होता.

मत्तय आणि लूक यांचीं शुभवर्तमानें वाचतांना एक गोष्ट सहज नजरेआड होते. आपल्या अखेरच्या आठवड्यांत प्रभु येशू यरुशलेमांत राहिला नाहीं. दिवसा तो शहरांत जाऊन मंदिरांत शिकवी, आणि रात्रीं शहराबाहेर, जैतुनाच्या डोंगराकडे, बेथानीला येई. योहान लिहितो कीं बेथानी यरुशलेमपासून पंधरा स्तादिये, म्हणजे सुमारें तीन किलोमीटर, दूर होती. शहरांत त्याचें काम होतें, शहरांत त्याचे वैरी होते, आणि पाठ टेंकावयाची जागा शहराबाहेर. मार्था, मरिया आणि लाजर यांचें घर त्याच गांवीं होतें, आणि त्याच दिवसांत तेथें त्याच्यासाठीं जेवणाची पंगत मांडली गेली. थकून आलेल्या पाहुण्याला “तूं तर गालीलचा” असें बेथानीनें म्हटल्याचें शुभवर्तमानांत नाहीं.

ख्रिस्तसभेनेंहि कामकऱ्यांसाठीं आपलें घड्याळ बदललें आहे. पूर्वीं ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि चालत नसे, आणि मिस्सा सकाळींच व्हावयाची. १९५३ सालीं परमगुरुस्वामी बारावे पायस यांनीं कष्टकऱ्यांची अडचण ध्यानांत घेऊन संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली आणि पाण्यानें उपास मोडत नाहीं असें ठरविलें. १९५७ सालीं उपास तीन तासांवर आला आणि १९६४ सालीं एका तासावर. रोमनें इतकें केलें, आणि आपण मात्र आठवड्याची मिस्सा साडेसहाला ठेवतों, कारण ती पूर्वींपासून साडेसहाला आहे. साडेसहाला आमचा माणूस सकाळीं बोरिवलीच्या पुढें असतो आणि संध्याकाळीं अंधेरीच्या अलीकडे.

नव्या कुटुंबांनाहि दोन शब्द सांगणें माझें काम आहे. हें छापून येईल तेव्हां तीं वाचतील. कायदा इच्छा पाहतो, हें वर सांगितलेंच. तुमच्यापैकीं कित्येकांची इच्छा अजून मुंबईंतच आहे. बाप्तिस्मा तिकडे, लग्न तिकडे, सणाची वर्गणी तिकडे, आणि वसई म्हणजे निजावयाची खोली. जुन्या देवळाची माया मला कळते, पण तुमचीं मुलें येथें वाढत आहेत. त्यांना येथील मराठी येऊं द्या. पाणी, कचरा, रस्ता यांच्या सभांना घरांतील कोणीतरी पाठवा. शेजारच्या वाडींत जाऊन ओळख करून घ्या. रविवारीं तुम्हांला झोंप येते याबद्दल मी रागावणार नाहीं. प्रभुहि वादळांत नावेंत झोंपला होता, परंतु तो शिष्यांबरोबर नावेंत होता, एवढें लक्षांत घ्या.

आतां व्यवस्थेविषयीं. येत्या महिन्यापासून बुधवारीं व शुक्रवारीं एक मिस्सा पहांटे साडेचारला आणि एक रात्रीं सवानऊला होईल. रात्रींच्या मिस्सेनंतर दहा वाजेपर्यंत मी कुमसार ऐकावयास बसेन; गाड्या उशिरा धांवत असतील त्या दिवशीं अकरापर्यंत. पालकांची सभा यापुढें रविवारींच भरेल. दफनभूमीच्या समितींत नव्या इमारतींतील दोघांना घेण्याचें ठरलें आहे. त्यांचीं नांवें पुढच्या रविवारीं वाचून दाखवीन. पहांटे देवळाचें दार उघडावयास माणसें हवींत. एक जुन्या घरांतील आणि एक इमारतींतील अशा जोडीनें, आठवड्याची पाळी वांटून घ्यावयाची आहे. चहाची सोय पाद्रीघरांत होईल. ज्यांना जमेल त्यांनीं आज सभा सुटल्यावर नांव द्यावें. आणि जे आतां गाडींत असतील त्यांचें नांव त्यांच्या घरच्यांनीं, त्यांना विचारून, उद्यां द्यावें.