मुंबईचा प्लेग आणि संगणकाची साथ

जून २०१७मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आपल्या जवळच्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं.

असा फैलाव मोजण्याचं गणित संगणकाहूनही जुनं आहे. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीची समीकरणं मांडली आणि ती ताडून पाहिली १९०५-०६च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर! पुढे १९९१मध्ये आयबीएमच्या केफार्ट आणि व्हाइट यांनी साथीचं गणित संगणकाच्या विषाणूंना लावलं.

समजा, डोंबिवलीतल्या एखाद्या कचेरीत एक बाधित संगणक साफ होईपर्यंत सरासरी तिघांना बाधा देतो. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. पण दोन तृतीयांशांहून जास्त संगणकांत सुरक्षेची दुरुस्ती आधीच बसवलेली असेल, तर त्या तिघांपैकी सरासरी एकही हाती लागत नाही आणि साथ विझते. म्हणजे झाडून सगळे संगणक अद्ययावत नसले तरी निभावतं. मला तरी हा मोठा दिलासा वाटतो.

अर्थात हे गणित सगळे संगणक एकमेकांशी सारखेच जोडलेले धरतं. प्रत्यक्षात एकाच सर्व्हरला शंभर जोडलेले असतात. तो बाधला की हिशेब कोलमडतो.

नॉटपेट्या तर याहून बेरकी. बाधित संगणकातून पासवर्ड चोरून तो दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरला. तेव्हा एकच पासवर्ड कितीजण वापरतात, हेही आता समीकरणात धरावं लागतं.