परग्रहावरील वस्ती आणि श्वासाचा हिशेब



मंगळावर मनुष्य राहावयास जाईल काय, असा प्रश्न आता खेड्यातील चौथीचा विद्यार्थीही विचारतो. केवळ ‘होय’ वा ‘नाही’ म्हटल्याने त्याची जिज्ञासा तृप्त होत नाही. तेथील अडचणी त्याला कारणांसह समजल्या पाहिजेत. त्यांपैकी पहिली अडचण श्वासाची होय.

मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असून, तीत सुमारे ९५ टक्के कर्बद्विप्राणिद वायू आहे. २०२१ साली तेथे उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ यानातील एका उपकरणाने या वायूपासून प्राणवायू काढून दाखविला. २०२३ पर्यंत सोळा वेळा चालून त्याने एकंदर १२२ ग्रॅम प्राणवायू दिला. एका मनुष्यास दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे ही सारी प्राप्ती एका मनुष्याच्या साडेतीन तासांपुरतीच झाली.

‘मग तेथे झाडे लावावीत,’ असे विद्यार्थी म्हणेल. त्याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मिळते. तेथे ‘बायोस्फिअर टू’ या सुमारे तीन एकरांच्या काचबंद वास्तूत सप्टेंबर १९९१ मध्ये आठ स्त्रीपुरुष दोन वर्षांसाठी राहावयास गेले. आत शेती होती, झाडे होती. तरीही सोळा महिन्यांत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरले. माणसांना धाप लागू लागली. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

असे का घडले? खतावलेल्या मातीतील सूक्ष्म जीव झाडांनी दिलेल्या प्राणवायूहून अधिक प्राणवायू खर्च करीत होते. त्यांनी सोडलेला कर्बद्विप्राणिद झाडांना परत मिळावा, तर त्याचा मोठा भाग काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला. त्याबरोबर प्राणवायूही भिंतींत अडकून पडला.

हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालावी. ती दुधाळ होते. श्वासातील कर्बद्विप्राणिद चुन्याने धरून ठेवल्याची ती खूण होय. निवळी तोंडात वा डोळ्यांत जाऊ नये म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

शेतातील माती, बांधावरचे झाड आणि विस्तीर्ण आकाश मिळून जो हिशेब विनामूल्य जुळवितात, तो तीन एकरांत जुळविणे आठ जाणत्या माणसांनाही साधले नाही. एवढे उमजलेला विद्यार्थी मंगळाचे स्वप्न अवश्य पाहील. परंतु पायाखालच्या मातीस तो क्षुद्र मानणार नाही.